बाळसें आणि शिगोशीग चमचा

‘बाळसें’ हा शब्द उच्चारतांना मराठी मनांत कौतुकावांचून दुसरी भावना येत नाहीं. ज्या घरांनीं पाळण्यांतलीं मुलें दगावतांना पाहिलीं, त्यांस गुबगुबीत अंग म्हणजे आयुष्याची हमी वाटावी, हें स्वाभाविकच होय. इंग्लंडांतही निराळें नव्हतें. म्हणूनच विल्यम कॅडोगन ह्या वैद्याचा अर्भकसंगोपनावरील १७४८ सालचा निबंध धीटपणाचा वाटतो. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या, म्हणजे टाकून दिलेल्या अर्भकांच्या आश्रमाच्या, एका चालकास उद्देशून लिहिलेल्या ह्या पत्रवजा निबंधांत त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, मुलांस कपडेही फार होतात आणि अन्नही. जन्मतांच लोणी-साखर घशांत कोंबण्याच्या चालीवर त्याचा विशेष राग. (आपल्याकडील मधतुपाचें बोट आठवून वाचकांनीं इंग्रजांस हसूं नये!) श्रीमंताचा वारस खाण्याच्या भारानें खंगतो, आणि अंगावरच्या दुधाखेरीज कांहींच देऊं न शकणाऱ्या गरीब आईचें मूल धडधाकट राहतें, असा त्याचा दाखला होता.

पुढें १८६७ च्या सुमारास स्वित्झर्लंडांत हेन्री नेस्ले ह्यांचें दूध-पिठाचें अन्न निघालें, आणि डब्यांचा व्यापार फोफावला. अंगावर पिणारें मूल पोट भरलें कीं तोंड फिरवितें. तें किती प्यालें, हें कोणास दिसत नाहीं. बाटलींत मात्र उरलेलें दूध डोळ्यांस दिसतें, आणि तें संपेपर्यंत पाजणाऱ्याचें समाधान होत नाहीं. माझ्या मतें अतिपोषणाचें मूळ पुष्कळसें ह्या एका फरकांत आहे.

इंग्लंडांतील डडली गांवच्या ३०० निरोगी अर्भकांची पाहणी १९७२ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील ५० लठ्ठ आणि आणखी ८३ प्रमाणाहून जड निघालीं. त्या काळीं भुकटी सपाट चमच्यानें मोजावयाची असतां पुष्कळ माता चमचा शिगोशीग भरीत. गाईच्या दुधाच्या त्या भुकटींत क्षार आईच्या दुधाहून मुळांतच अधिक. दाट दुधानें मुलास तहान लागे, तें रडे, आणि रडणें भुकेचें समजून पुन्हां बाटलीच तोंडांत जाई. पाण्यासाठीं रडणाऱ्या जिवास अन्न मिळत राही! शिवाय रात्रभर झोंप लागावी म्हणून कांहीं आठवड्यांच्या मुलासही पिठाची पेज सुरू होई. १९७४ सालीं तेथील सरकारी समितीनें अंगावरच्या दुधाचा पुरस्कार केला, आणि चार महिन्यांआधीं घन अन्न देऊं नये असा सल्ला दिला.

परंतु सारा दोष मातांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल; शास्त्राचा तराजूही कललेला होता. १९७७ सालचे अमेरिकन वजनाचे तक्ते मुख्यतः बाटलीवर वाढलेल्या मुलांवरून बनविलेले होते. त्यांशीं ताडून पाहतां अंगावर पिणारें निरोगी मूल कांहीं महिन्यांनंतर मागें पडल्यासारखें दिसे, आणि मग ‘वरचें दूध’ सुचविलें जाई. अंगावर पिणाऱ्या मुलांवरून सहा देशांत मापें घेऊन जागतिक आरोग्य संघटनेनें नवे तक्ते काढले ते २००६ सालीं. त्या सहांत आपली दिल्लीही होती.