कोपलंड

ॲपल कंपनीने मॅकिंटॉश संगणकांसाठी हाती घेतलेली आणि १९९६ मध्ये अर्ध्यावर सोडलेली कार्यप्रणाली. अमेरिकन संगीतकार एरन कोपलंड यांच्यावरून हे सांकेतिक नाव ठेवले गेले. ‘मॅक ओएस ८’ म्हणून ती बाजारात यायची होती.

मॅकिंटॉश दिसायला देखणा, पण त्याची कार्यप्रणाली आतून जुनाट झाली होती. १९९१ च्या ‘सिस्टिम ७’मध्ये प्रोग्रॅम प्रोसेसरचा वेळ आपसांतल्या समजुतीने वाटून घेत, एकाने तो अडवला की बाकीचे खोळंबत. मेमरीलाही कुंपण नव्हते. एका प्रोग्रॅमची चूक दुसऱ्याच्या मेमरीत शिरे आणि अख्खा संगणक बंद पडे. यावर उतारा म्हणून आखलेला ‘पिंक’ प्रकल्प १९९२ मध्ये आयबीएमबरोबरच्या ‘टॅलिजेंट’ या भागीदारीकडे गेला. मार्च १९९४ मध्ये ॲपलने कोपलंडचे काम सुरू केले.

अडचण मूळ आराखड्यातच होती. गाभा नवा हवा, पण जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालायला हवेत, असा हट्ट होता. त्यामुळे खिडक्या आणि मेनू असलेले सगळे प्रोग्रॅम पुन्हा एकाच सामाईक मेमरीत ठेवावे लागले. संरक्षण मिळणार होते ते मुख्यतः पडद्याआडच्या कामांना. ज्या दुखण्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, त्याचा पुरा इलाज ‘गर्श्विन’ या पुढच्या आवृत्तीवर ढकलला गेला, आणि ती कधी आलीच नाही. दुसरीकडे ओपनडॉक हे दस्तऐवजांचे तंत्र, पडद्याची बदलती रूपे, फायलींचा नवा शोध अशी भर पडतच राहिली. हे आता पुरे, असे ठामपणे सांगणारे कोणी नव्हते. प्रकल्प तिथेच हातातून गेला.

ऑगस्ट १९९५ मध्ये स्पर्धक मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज ९५’ आले. १९९६ च्या पहिल्या तिमाहीत ॲपलला सुमारे ७४ कोटी डॉलरचा तोटा झाला. मे महिन्यात प्रमुख गिल अमेलिओ यांनी कोपलंडची ग्वाही दिली खरी. पण नव्याने आलेल्या तंत्रप्रमुख एलन हॅनकॉक यांनी पाहणी करून प्रकल्प थांबवण्याचा सल्ला दिला. ऑगस्टमध्ये तो थांबला. त्यानंतर बाहेर तयार कार्यप्रणालीचा शोध सुरू झाला. ‘बी’ कंपनीशी बोलणी फिसकटली आणि डिसेंबरमध्ये ॲपलने स्टीव्ह जॉब्ज यांची ‘नेक्स्ट’ विकत घ्यायचे ठरवले.

कोपलंडचे काही तुकडे मात्र टिकले. जुलै १९९७ मध्ये ‘मॅक ओएस ८’ या नावाने जुन्याच प्रणालीची सुधारित आवृत्ती आली. तिचे ‘प्लॅटिनम’ रूप कोपलंडमधले होते. पुढे ‘कार्बन’ या प्रोग्रॅमिंग संचाने जुन्या प्रोग्रॅममध्ये थोडे बदल करणे निर्मात्यांवर सोपवले. कोपलंडला न सुटलेली गाठ त्या तडजोडीने सुटली, आणि मार्च २००१ मध्ये नेक्स्टच्या प्रणालीवर उभारलेल्या ‘मॅक ओएस एक्स’बरोबर संरक्षित मेमरी मॅक वापरणाऱ्यांच्या हाती आली.