फी ऐपतीवर ठरावी, पत्त्यावर नव्हे

बाबासाहेब 1920 मध्ये शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर. परदेशी विद्यार्थ्यांकडून जास्त फी घेण्याचे ब्रिटिश सरकारी धोरण तेव्हा नव्हते. ते आले 1967 मध्ये: स्थानिकांना सुमारे 70 पौंड, परदेशींना 250. 1980 पासून थॅचर सरकारने परदेशींकडून शिक्षणाचा पूर्ण खर्चच वसूल करायला लावला. कारण काय, तर विद्यापीठे आमच्या करदात्यांच्या पैशावर चालतात! मग वसाहतींच्या रयतेकडून वसूल केलेला महसूल कोणाचा होता? श्रीमंताचा मुलगा ही फी भरतोच. अडते ती शेतमजुराची मुलगी. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था आपण चांगलीच ओळखतो. जय भीम!