चितोडच्या वेढ्याचें जोडचित्र व त्यांतील दृष्टिस्थानें

जुन्या हस्तलिखितांतील चित्रें पाहतांना, ‘दूरचें लहान व जवळचें मोठें काढण्याची रीत या चित्रकारांस ठाऊक नव्हती’ असा अभिप्राय पुष्कळदां ऐकूं येतो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार आम्ही येथें एका चित्रावरून करणार आहों.

हें चित्र अकबरनाम्याच्या एका सचित्र प्रतींतील आहे. ही प्रत इ. स. 1590 ते 1595 च्या सुमारास अकबराच्या चित्रशाळेंत तयार झाली. तींतील 116 चित्रें लंडन येथील व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहेत. त्याच्या पूर्वरूपानें, म्हणजे साउथ केन्सिंग्टन संग्रहालयानें, तीं 1896 सालीं विकत घेतलीं.

प्रसंग डिसेंबर 1567 मधील आहे. चितोडच्या तटाखालीं मोंगलांनीं दोन सुरुंग भरले होते. पहिला उडतांच सैन्य खिंडाराकडे धांवलें आणि तेवढ्यांत दुसरा उडाला. हल्ला करणारे व रक्षण करणारे एकदमच मारले गेले. किल्ला पडला तो पुढें फेब्रुवारी 1568 मध्यें.

समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून हा प्रसंग रंगविला आहे. तट समोरून दिसतो, तर तटाआंतील भाग उंचावरून पाहिल्यासारखा. साबात, म्हणजे तटापर्यंत नेलेला आच्छादित मार्ग, व त्यावर राबणारे लोक निराळ्याच बाजूनें दिसतात. हें सर्व एका जागीं उभ्या असलेल्या मनुष्यास दिसणें शक्य नाहीं.

मग हें अज्ञान म्हणावें काय? विष्णुधर्मोत्तरपुराणाच्या तृतीय खंडांतील चित्रसूत्रांत ऋज्वागत, साचीकृत, पार्श्वागत, पृष्ठागत इत्यादि नऊ स्थानें व त्यांस लागणारी क्षयवृद्धि सांगितली आहे. दृष्टि बदलली कीं रूप बदलतें, हा विचार या देशांत जुनाच होता. शिवाय 1580 सालीं गोव्याहून गेलेल्या जेजुइट पाद्र्यांनीं अकबरास अँटवर्प येथें छापलेलें बहुभाषी बायबल नजर केलें. त्यांत युरोपीय ताम्रपट चित्रें होतीं. दहा वर्षांनंतरच्या दरबारी चित्रकारांस ती रीत अपरिचित होती असें म्हणतां येत नाहीं. अर्थात् वेढ्याचा वृत्तांत एका पटावर आणण्यासाठींच अनेक दृष्टिस्थानें योजिलीं, असें अनुमान आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें. एकच स्थान घेतलें असतें, तर बाहेरचा तरी किंवा आंतला तरी पक्ष दृष्टीआड झाला असता.

चित्राची घडणही अशीच थरांची आहे. प्रथम घोटलेल्या कागदावर आंखणी, तीवर पांढऱ्या रंगाचा पातळ हात, त्यांतून दिसणाऱ्या रेषांवर पुन्हा आंखणी, मग रंगांचे एकावर एक थर, मधून मधून घोटणी, आणि शेवटीं सोनें. हीं कामें एकट्याचीं नव्हत. ‘तर्ह’ म्हणजे रचना एकाची व ‘अमल’ म्हणजे रंगकाम दुसऱ्याचें. प्रस्तुत चित्राची रचना मिस्कीना याची असून रंग भरणारे निराळे आहेत. हीं नांवें चित्राखालच्या समासांत तांबड्या शाईनें लिहिलेलीं आढळतात.

यावरून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. या प्रतीचीं सचित्र पानें पुढें जतन व प्रदर्शन यांसाठीं सुटीं करण्यांत आलीं. परंतु तीं एकाच संग्रहांत राहिल्यामुळें जोडी जुळवितां येते. इतर कित्येक पोथ्यांचीं पानें मात्र एकेक करून विकलीं गेलीं. जोडपत्रांतील एक पान गेलें म्हणजे अर्धा वृत्तांत जातो. चौकटींत बसविण्यासाठीं समास कापला म्हणजे कर्त्याचें नांव जातें. पाठीवर कागद डकविला म्हणजे मागील मजकूर झांकला जातो. म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशीं सुटीं पानें असतील, त्यांनीं समासास हात लावूं नये, मागील मजकुराची नक्कल करून ठेवावी, आणि पानाचें माप व ओळींची संख्या नोंदवून ती प्रसिद्ध करावी. दुसऱ्या कोणाच्या दप्तरांत पडलेलें जोडपान ओळखण्यास याहून सोपा मार्ग नाहीं.