उशिरा रडलेले बाळ

गोवंडीसारख्या वस्तीतल्या शाळेत शिकवणाऱ्यांना असे एखादे मूल भेटतेच. समज चांगली, पण पेन्सिल बोटांत टिकत नाही, पाय ताठरतात, जीभ अडखळते. आईला विचारले तर ती सांगते, "जन्मला तेव्हा लगेच रडला नव्हता, बाई." या एका वाक्यामागे दीडशे वर्षांहून जुना शास्त्रीय वाद आहे. त्यातला एक अध्याय गोवंडीपासून थोड्याच अंतरावर, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात घडला.

१८६१ साली लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी मांडले, की अवघड बाळंतपणात बाळाचा श्वास कोंडला तर मेंदूला इजा होते आणि हातपाय ताठर होतात. हे पटण्याजोगे होते. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के असतो, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तोच वापरतो, आणि साठवून काहीच ठेवत नाही. १८९७ मध्ये मात्र सिग्मंड फ्रॉइड यांनी उलटी शंका काढली. मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेले फ्रॉइड मुळात मज्जासंस्थेचे डॉक्टर होते. काही बाळांना इजा गर्भातच झालेली असेल आणि अवघड बाळंतपण हे तिचे कारण नसून लक्षण असेल, तर?

ही शंका बराच काळ मागे पडली. १९८० च्या दशकात लंडनमधील संशोधकांना दिसले, की श्वास परतल्यावर मेंदूच्या पेशी काही तास सावरतात आणि मग पुन्हा कोलमडतात. म्हणजे उपचाराला सुमारे सहा तासांची उसंत मिळते. थंडीत पेशींचे रासायनिक व्यवहार मंदावतात. मग या सहा तासांत बाळाला थंड केले तर? ३३ ते ३४ अंश सेल्सिअस तापमानात ७२ तास ठेवल्याने मृत्यू आणि अपंगत्व कमी होते, असे २००५ पासून श्रीमंत देशांतील चाचण्यांनी दाखवले. तिथे हा नेहमीचा उपचार झाला.

आपल्याकडेही तो जसाच्या तसा लागू पडेल का, हे तपासायला २०१५ ते २०१९ या काळात भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर 'हेलिक्स' ही चाचणी झाली. शीवचे रुग्णालय त्यांपैकी एक. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, तो धक्कादायक होता. थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. मृत्यू आणि गंभीर अपंगत्व एकत्र मोजले, तर फायदा दिसलाच नाही.

असे का व्हावे? एमआरआय चित्रांवरून संशोधकांनी अंदाज बांधला, की इथल्या बऱ्याच बाळांना इजा प्रसूतीच्या क्षणी अचानक झालेली नव्हती. ती आधीपासून होत आली असावी, आणि सहा तासांची ती उसंत जन्माआधीच संपली असावी. फ्रॉइडची शंका सव्वाशे वर्षांनी पुन्हा दारात उभी राहिली. हा अंतिम शब्द नव्हे. पण दुसरीकडे सिद्ध झालेला उपचारही आपल्या मातीत तपासून घ्यावा लागतो, हा धडा मात्र पक्का.

मग हाती काय उरते? पहिले मिनिट. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. न रडणाऱ्या बाळाला मुखवटा लावून हाताने दाबायच्या फुग्याने श्वास द्यायलाही त्या शिकल्या. श्वास कोंडून होणारे बाळमृत्यू तिथे सुमारे ६५ टक्क्यांनी घटले. गर्भारपणातली तपासणी आणि आईचा आहार यांचे काम तर त्याही आधी सुरू होते.

आणि ज्याला इजा झालीच, त्याचे काय? मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण लहान मुलाचा मेंदू घडणीत असतो. सरावाने उरलेल्या पेशींची जोडणी बदलते, म्हणून व्यायामोपचार आणि वाचोपचार जितके लवकर, तितके बरे. अशा मुलांच्या शिक्षणासाठी मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली, तेव्हा शाळा हाही उपचाराचाच भाग आहे, हे स्पष्ट झाले.

वर्गात त्या मुलाची आई भेटली की ती बहुधा स्वतःलाच दोष देत असते. इजा केव्हा झाली, हे पुष्कळदा मोठ्या रुग्णालयालाही सांगता येत नाही, एवढे तरी आपण तिला सांगू शकतो. आणि मुलाला जाड पेन्सिल व थोडा जास्त वेळ देऊ शकतो.