आजीचं बोलणं हाही इतिहासच

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत म्हाताऱ्या पाण्याची गोष्ट सांगायच्या. वरून कोणी ओतलं तरच ओंजळ भरायची. आम्ही म्हणायचो, "जाऊ द्या ना आजी, गेले ते दिवस." आमचं चुकलंच! आज्या गेल्या, गोष्टीही गेल्या.

बाबासाहेबांनी मात्र आपली गोष्ट लिहून ठेवली. १९०१ साली लहान भीमराव भाऊ व भाच्यांसह वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर जात कळताच कोणी गाडी देईना. शेवटी दुप्पट भाडं भरून पोरांनीच बैल हाकले. वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. हा प्रसंग असलेली 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही पुस्तिका १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापली.

फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळून लिहीत. घरच्यांपासून ते लिखाण त्यांनी वर्षानुवर्षं लपवलं. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आलं. त्यात गावाचा जुलूम आहे, तसे घरात सुनांचे झालेले हालही आहेत. १९८९ मध्ये उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना बोलतं करून 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केलं.

माता-भगिनींनो, अन्याय झालाच नाही म्हणणाऱ्याला हेच उत्तर आहे. येत्या वर्षावासात दर रविवारी विहारात एका आजीला बोलू द्या. नातवंडांनी तिच्याच शब्दांत वहीत उतरवावं. जयभीम!