कापसाचा भाव आणि कर्जाचं खत

२०२४ च्या डिसेंबरात कोकोचा जागतिक भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, मग कोको पिकवणारे शेतकरी श्रीमंत झाले असतील ना?" घानात सरकारी मंडळ हंगामाच्या सुरुवातीलाच शेतकऱ्याचा भाव ठरवतं, बाजारातली सगळी वाढ त्याच्या पदरात पडत नाही, एवढं सांगून मी वेळ मारून नेली. खरं तर उत्तर आपल्या खडवलीतून जाणाऱ्या रुळांपाशीच होतं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. त्या वर्षी तिथून ब्रिटनला कापसाच्या २० लाखांहून अधिक गाठी गेल्या होत्या. पुढच्या वर्षी जेमतेम ५५,०००. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईचे निर्यातदार शहरातल्या सावकारांना पैसा पुरवू लागले, ते गावच्या सावकाराला आणि तो रयतेला. कापसाच्या एकरामागे १०० रुपये उचल मिळू लागली. कापूस न पिकवणाऱ्यालाही उधारी सहज मिळू लागली. काही मोठ्या शेतकऱ्यांचं भलं झालं. लहान रयतेच्या घरी मात्र भावाच्या आधी कर्ज आलं.

१८६५ च्या जानेवारीत थळ घाटातून रेल्वे सुरू झाली. खानदेशचा कापूस आता कसारा, खडवली, कल्याण करत थेट बंदरात उतरणार होता. आणि त्याच वर्षी युद्ध संपलं! गाडी घाट चढली न चढली तोच भाव कोसळला. सावकारांनी हात आखडता घेतला, जुनी बाकी मागायला सुरुवात केली. त्यातच नव्या जमाबंदीत सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. पीक घसरत्या भावाने विकायचं, सारा चढता भरायचा आणि नवी उधारी नाही.

उर्दूत खत म्हणजे चिठ्ठी, खुशालीची. दख्खनच्या रयतेला खत म्हणजे कर्जखत, अंगठा उठवलेलं. १८५९ च्या कायद्याने अशा खताची मुदत तीन वर्षं ठेवली. हेतू हा, की व्याज साचू नये. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेतलं आणि थकलेलं व्याज मुद्दलात घातलं. रयतेला वाचता येत नव्हतं. शिक्षक म्हणून मला या साऱ्या कहाणीत हीच ओळ सगळ्यात जास्त टोचते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी आजूबाजूची रयत जमली. लोकांनी सावकारांकडे वह्या आणि खतं मागितली, आणि ती जाळली. धान्याची दुकानंही लुटली गेली. दंग्याचं लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पोचलं. सरकारने आयोग नेमला. त्याने दोष सावकारांवर टाकला, साऱ्याला मात्र निर्दोष ठरवलं. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना खतामागचा मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. तोवर भाव कोसळून चौदा वर्षं झाली होती.