हरिपूर व तेथील पेवें

महाबळेश्वरीं उगम पावून, कऱ्हाडास कोयनेला पोटांत घेऊन कृष्णा सांगलीस येते, आणि सांगलीखालीं कोसभर अंतरावर वारणा तिला मिळते. त्या संगमावर हरिपूर हें लहानसें गांव वसलें आहे. आपल्या सातारा-सांगलीच्या मुलुखास समुद्र नाहीं. सांगलीकरांची चौपाटी म्हणावी तर ती हीच. संगमेश्वराचें देवालय, नदीकांठ, आणि सायंकाळीं हवा खावयास येणारी शहरची मंडळी. ‘शारदा’ नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल याच गांवचे.

तथापि, वाचकहो, ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत हरिपुराची आठवण आम्ही काढीत आहों ती तेथील हवेकरितां नव्हे, मातीकरितां.

सांगलीची पेठ हळदीची. हा माल फार दिवस ठेवला तर त्यास कीड लागते. हरिपूर व नदीपलीकडील सांगलीवाडी येथील जमीन घट्ट. तींत वीसपंचवीस फूट खोल खणून लोकांनीं पेवें केलीं. पेव म्हणजे भूमींत पुरलेला रांजणच : तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढें, पोट मात्र विशाल. आंत पाला अंथरून हळद भरावयाची व तोंड दगडमातीनें लिंपून टाकावयाचें. आंतली हवा निर्जीव होते, म्हणून कीड जगत नाहीं व हळद कैक वर्षें टिकते. परंतु जी हवा किडीस मारते ती हमालासही सोडीत नाहीं. यास्तव पेव उघडल्यावर कांहीं तास तसेंच ठेवीत, मग जळता कंदील दोरीनें खालीं सोडीत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे.

वाळूवर घर बांधणाराचा दृष्टान्त आपणां सर्वांस पाठ आहे. तो हरिपूरकरांस लावणें अन्यायाचें होईल. त्यांनीं भरंवसा ठेवलेली माती पिढ्यान् पिढ्या खरी ठरली होती.

सांगलीस १९२९ सालीं आयर्विन पूल झाला. तेथें नदीची उंची मोजतात व ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २००५ च्या पावसाळ्यांत पाणी ती ओलांडून बरेंच वर चढलें आणि पेवांत शिरलें. हळद कुजली, पुष्कळ पेवें ढासळलीं. व्यापारी गोदामांकडे व शीतगृहांकडे वळले. ऑगस्ट २०१९ मध्यें तर पाणी ५७ फुटांवर गेलें. कोणी कोयनेच्या विसर्गास दोष देतात, कोणी अलमट्टीच्या फुगवट्यास. पूररेषेच्या आंत आपणच चढविलेल्या इमारतींविषयीं मात्र, आमच्या मतें, फारच कमी बोललें जातें.

मध्यंतरीं, २०१८ सालीं, सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें. त्या वेळीं हरिपूरचीं बरींच पेवें बुजून गेलीं होतीं.